'चंद्रावती' दक्षिणेला का गेली?

१

'चंद्रावती' वाळूत रुतली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि एवढ्या दिवसांत हँबुर्गमधल्या सगळ्या जाणत्या माणसांचं एकमत झालं होतं. दोष सुकाण्याचा.

बोट मुंबईची, जुनाट, खनिज भरून आलेली. १९५८च्या ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, एल्ब नदीच्या मुखाशी ती दाट धुक्यात वाळूवर चढली. ठरलेल्या वाटेपासून चांगली दोन मैल दक्षिणेला. कप्तान तापानं अंथरुणात, वाटाड्या अजून चढायचा होता. तासाभरात मागच्या अंगाला तळ फुटला. बत्तीस माणसं होड्यांतून वाचली. तेहतिसावा, यंत्रघरातला तेलवाला यशवंत, पाण्याबरोबर गेला.

सकाळी आठपासून चाक एकाच माणसाच्या हातात होतं. दत्तात्रय मायेकर, देवगडकडचा, वीस वर्षं सुकाणी. बोटीचा पुढचा भाग अजून वाळूवर शाबूत उभा होता, तिथे जाऊन जर्मन तज्ज्ञानं सुकाण्यासमोरचं होकायंत्र तपासलं. चोख निघालं. यंत्र बरोबर आणि बोट चुकीची, म्हटल्यावर मधे उरतो तो माणूस. एवढा तर्क करायला कुणाला डॉक्टरेट लागत नाही.

डॉक्टरेट करणारा माणूस मात्र या प्रकरणात होता, तोही अपघातानंच. समुद्री अपघातांची चौकशी करणाऱ्या झेआम्टला खलाशांची मालवणी समजणारा दुभाषी हवा होता. युनिव्हर्सिटीनं श्यामकांत पुराणिकला पाठवला. श्यामकांत पुण्याचा, पण आजोळ वेंगुर्ल्याचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांनी दिलेली भाषा हँबुर्गात कामाला येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल.

त्याचा प्रबंधही बुडालेल्या बोटींचाच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एडमंड थ्रेल नावाचा एक इंग्रज वकील होता. चाळीस वर्षं या गृहस्थानं फुटलेल्या जहाजांच्या चौकशा केल्या. बरेच खटले हरला. हँबुर्गच्या विमेवाल्यांसाठी त्यानं काम केलं, म्हणून त्याचे कागद अकरा खोक्यांतून इथल्या ग्रंथालयात येऊन पडले होते, आणि तीन वर्षं श्यामकांत त्या खोक्यांत डोकं घालून बसला होता. थ्रेलला त्याचे सोबती हसत, कारण कुठल्याही बोटीवर तो कप्तानाच्या आधी आचाऱ्याला गाठायचा. आणि प्रत्येक बोटीचं चित्र काढायचा, पाव उभा कापावा तसं, म्हणजे कुठल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय ते दिसावं.

दुभाष्याला अर्थात चित्रं काढायची नव्हती. समोरचा बोलेल ते जर्मनमध्ये सांगायचं, एवढंच काम. पहिल्याच दिवशी, खलाशांच्या वसतिगृहात, दत्तात्रय मायेकर त्याच्या समोर बसला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "साहेब, काय ता लिवा तुमी. यशवंताक मियाच मारलंय."

२

हे वाक्य श्यामकांतनं भाषांतरित केलं नाही. झेआम्टचा कारकून पेन उचलून वाट पाहत होता, त्याला तो जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो, साक्षीदार अजून विचार करतोय." तीन वर्षांच्या सचोटीला पडलेला हा पहिला डाग.

"असं का म्हणतोस?" त्यानं दत्तात्रयला विचारलं.

"काटो माझ्या नजरेसमोर होतो. एक अंश हललो नाय. देवाशपथ सांगतंय. पण इतके शिकलेले लोक म्हणतत, बोट फिरली. मगे माझीच डुलकी लागली असात. माकाच कळूक नसात."

माणूस खोटं बोलत असला तर त्याला वाचवता येतं. स्वतःवरचाच विश्वास उडालेल्या माणसाला कसं वाचवायचं, ते कुठल्या खोक्यात लिहिलेलं नव्हतं. यशवंत दत्तात्रयचा शेजारी. त्याला बोटीवर दत्तात्रयनंच आणलेलं, कंपनीत हातापाया पडून त्याची नळी त्यानंच काढून दिलेली. नळी म्हणजे खलाशाचा परवाना. ती गेली की समुद्र बंद. तीन दिवसांनी सुनावणी होती आणि दोष सिद्ध झाला तर दत्तात्रयची नळी जाणार होती. पण त्याचं त्याला काहीच नव्हतं.

"सुलेखा दारात उभी ऱ्हवतली," तो म्हणाला. यशवंतची बायको. "तिका काय सांगू? झोपलंय म्हणून सांगू?"

श्यामकांतची नजर खाली गेली. दत्तात्रयच्या कमरपट्ट्याला चामड्याचं म्यान होतं, खलाशी सुरी ठेवतात तसलं. आत सुरी नव्हती.

"समुद्रात गेली?"

"नाय. त्या दिवशी नव्हतीच माझ्याकडे. होडयेचो दोर कापूक सारंगान कुऱ्हाड आणल्यान."

कारकुनानं घड्याळ पाहिलं. पुढचा साक्षीदार.

पुढचा साक्षीदार सुधीर कोतवाल, थर्ड ऑफिसर, वय तेवीस, दादरचा. अपघाताच्या वेळी पहारा याचाच. इस्त्रीचा कोट, नीट पाडलेला भांग आणि झोप नसलेले डोळे.

"मी आठला ड्यूटीवर आलो. फॉग इतका होता की बोटीचं टोक दिसत नव्हतं," तो म्हणाला. "तेव्हापासून बोट लागेपर्यंत मी व्हीलहाऊस सोडलं नाही. एक मिनिटसुद्धा नाही. तुम्ही कुणालाही विचारा."

"आणि सुकाणी?"

"चांगला माणूस आहे हो. पण मी दिलेला कोर्स त्यानं धरला नसावा." 'नसावा' म्हणताना त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग नोंदवही पुढे सरकवली. दर अर्ध्या तासाला सुकाण्यासमोरचं होकायंत्र छपरावरच्या मोठ्या होकायंत्राशी ताडून पाहायचं असतं. साडेआठ, फरक एक अंश. नऊ, फरक एक अंश. सुंदर अक्षर.

शेवटचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. भास्कर कुबल, साठीचा, पांढऱ्या मिशा. ही त्याची शेवटची सफर होती. यशवंतचं नाव निघताच म्हातारा रडू लागला, आणि रडताना लपवलं नाही.

"पाणी शिरला तेवा पंपाचो पान्हो खाली नव्हतो. यशवंत वर इलो, पान्हो घेतल्यान आणि परत खाली गेलो. मी म्हटलंय, जाव नको. गेलो तो गेलोच."

श्यामकांतनं वाक्य जर्मनमध्ये सांगितलं, कारकुनानं लिहिलं, आणि दोघं उठले. ट्राममध्ये बसल्यावर मात्र त्याच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा फिरू लागलं. यंत्रघरातला पान्हा, ज्याची जागा पंपाशेजारी, तो वर काय करत होता?

३

घरमालकीण फ्राऊ ल्युडर्सनं दारातच त्याचे बूट काढायला लावले आणि चेहरा बघून सूप गरम केलं. तो जेवला, मग टेबलावर कागद पसरून बसला. सुकाण्याची सुरी जागेवर नाही. यंत्रघरातला पान्हा जागेवर नाही. दोन वेगळी खाती, दोन वेगळी माणसं, आणि हत्यार एकाकडेही नाही. चोरी? हत्यारं चोरून समुद्रात कुठे नेणार?

थ्रेलनं काय केलं असतं हे श्यामकांतला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्यानं केलं नव्हतं. भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, साक्षीदारांच्या यादीत नव्हता. अपघाताशी स्वयंपाकाचा काय संबंध?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेला. भंडारी जर्मन बायकांबरोबर बटाटे सोलत होता आणि एकमेकांची भाषा न कळता त्यांचं उत्तम जमलं होतं.

"त्या दिवशी सकाळी बोटीवर काय वेगळं झालं होतं?"

"काय्येक नाय." भंडाऱ्यानं बटाटा पाण्यात टाकला. "रोजचाच. शिरो केललंय तेवढो."

"सकाळी सकाळी शिरा? बोटीवर?"

भंडाऱ्यानं त्याच्याकडे, शहाण्या माणसानं वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "मगे? खंडेनवमी न्हय ती!"

श्यामकांतनं कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं परदेशात राहून त्याला इथला प्रत्येक फायरटाग पाठ झाला होता, कारण त्या दिवशी ग्रंथालय बंद असायचं. आणि खंडेनवमी येऊन गेली याचा पत्ता नव्हता! घरी असता तर आईनं विळी, अडकित्ता, वडिलांचा हातोडा, सगळं पाटावर मांडलं असतं. त्या दिवशी हत्यारांना हळदकुंकू लागतं. पूजा उठेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही.

सुरी कुठे होती ते कळलं. पान्हा कुठे होता ते कळलं. नुसत्या सुरीचा आणि पान्ह्याचा प्रश्न नव्हता. 'चंद्रावती'वरचं त्या सकाळी हातात धरण्यासारखं सगळं लोखंड एका जागी गोळा झालं होतं. आणि होकायंत्राचा काटा जगात कुणाला भुलत असेल तर तो लोखंडालाच.

तो धावतच वरच्या मजल्यावर सारंगाकडे गेला. "सारंगनू, पूजा कुठे मांडली होती? होकायंत्राजवळ?"

म्हातारा दुखावला. "चाळीस वर्सां समुद्रार असंय मी. होकायंत्राकडे लोखंड नेतलंय? माका तेवढा कळणा नाय?"

 सगळा डोलारा क्षणात कोसळला होता.

"मग कुठे?"

"आमच्या खोलयेत सगळी पायाखाली जागा. थंय देव कसो ठेवतलंय? एकच मराठी ऑफिसर बोटीर. तेका विचारलंय. कोतवालसायबान तेच्या केबिनीतल्या कपाटाचो वरचो खण दिल्यान. उंच जागा, कोणाचो पाय लागणा नाय. आठाक पूजा केलंय, शिरो वाटलंय."

"कपाट किती उंच?"

"पार आडयाक टेकलेला," सारंग म्हणाला.

आढ्याला. श्यामकांत सारंगाचा हात धरून म्हणाला, "कुणाशी बोलू नका," आणि थेट झेआम्टच्या कचेरीत जाऊन त्यानं 'चंद्रावती'चे नकाशे मागितले. सगळे वरून पाहिलेले, मजल्यामागून मजला. त्यानं पेन्सिल घेतली आणि बोट उभी कापली. सुकाणूघर लाकडी, जमीनही लाकडी. त्या जमिनीखाली एक केबिन, कोतवालची. केबिनीत भिंतीला कपाट. आणि कपाटाच्या बरोबर माथ्यावर, दोन बोटं लाकूड सोडलं तर लागूनच, होकायंत्राचा खांब.

४

सुधीर कोतवाल त्याला बंदराच्या धक्क्यावर भेटला. दुपार होती, फेऱ्या मारणाऱ्या बोटींतून कामगार उतरत होते. श्यामकांतनं कागद उलगडून त्याच्या हातात दिला.

सुधीरनं चित्राकडे पाहिलं. त्याचं बोट आपसूक कपाटावर जाऊन थांबलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"कधी कळलं तुम्हाला?" श्यामकांतनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. इथे आल्यावर. कुऱ्हाड, पहारी, साखळी, इंजिनवाल्यांचे पान्हे, एवढा ढीग होता. बोट लागली तेव्हा जो तो धावत येऊन आपापलं हत्यार घेऊन गेला. कपाट रिकामं झालं. मग तज्ज्ञाला काय सापडणार?"

"पूजेला जागा दिली यात तुमचा गुन्हा नाही."

"ते मलाही माहीत आहे."

"नोंदवहीत फरक एक अंश लिहिलाय. साडेआठला आणि नऊला. मोठं होकायंत्र छपरावर आहे. बाहेर पडून शिडी चढल्याशिवाय ते दिसत नाही. आणि तुम्ही मला सांगितलंत, एक मिनिटसुद्धा व्हीलहाऊस सोडलं नाही."

सुधीर कठड्याला टेकला. "सोडलंच नाही. मी घाबरलो होतो हो. कॅप्टन आजारी, समोर काही दिसत नाही, माझी पहिलीच खेप. वाटलं, मी वर गेलो आणि तेवढ्यात समोर काही आलं तर? रोजचा फरक एकच अंश असतो. तोच लिहिला." मग म्हणाला, "आईनं दोन पाटल्या मोडून मला ट्रेनिंगला घातलं. सर्टिफिकेट गेलं तर तिला मी काय सांगू?"

श्यामकांतला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कीव आली. कालच दुसरा एक माणूस हेच म्हणाला होता, फक्त बाई दुसरी.

"वर जाऊन पाहिलं असतंत तर फरक दिसला असता," तो म्हणाला. "बोट वेळेत परत वाटेवर आली असती. मी हे चित्र उद्या अध्यक्षांना देणार आहे. सुनावणी परवा दहाला आहे. तुमच्या तोंडून आलं तर बरं. नाहीतर मला सांगावं लागेल."

परतताना त्याच्या मनात आणखी एक नको ती गोष्ट वळवळत होती, आणि ती कबूल केलीच पाहिजे. त्याला लाज वाटत होती. या लोकांपुढे उभं राहून सांगायचं की आमच्याकडे हातोड्याला कुंकू लावतात? एखादा वार्ताहर बसलेला असेल. हिंदूंच्या देवानं बोट बुडवली, असं छापून आलं की युनिव्हर्सिटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं चित्र अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला, दोनदा पाहिलं, आणि तज्ज्ञाला गाडीभर लोखंड देऊन पुन्हा 'चंद्रावती'वर पाठवलं.

५

झेआम्टचा हॉल गच्च भरला होता. अध्यक्ष डॉ. पेटरसन मधे, बाजूला दोन निवृत्त कप्तान. तज्ज्ञ उभा राहिला. कपाटाच्या वरच्या खणात लोखंड ठेवताच काटा अकरा अंश सरकला होता. उचलताच परत जागेवर.

"आठ ते नऊ वीस," पेटरसन म्हणाले, "अकरा अंशांची चूक, बोटीचा तो वेग. म्हणजे दोन मैल दक्षिणेला. जुळतं. पण माझा प्रश्न असा की बोटीवरचं सगळं लोखंड एका कपाटात कशासाठी?"

सारंगाला प्रश्न समजावा म्हणून श्यामकांतनं मालवणीत सांगितला. म्हातारा उठला. आणि मग जे बोलला ते सांगताना श्यामकांतची लाज कुठल्या कुठे गेली. "ज्या हत्यारार वर्सभर पोट भरता, तेका एक दिवस आराम देवचो, हात जोडूचे. तेवढाच." जर्मनमध्ये ते वाक्य त्यानं शब्द न गाळता सांगितलं.

कोणी हसलं नाही. डावीकडचा म्हातारा कप्तान मान हलवत म्हणाला, "आम्ही नव्या बोटीवर बाटली फोडतो. पुढे विचारा."

पुढे विचारावं लागलं नाही. सुधीर कोतवाल आपण होऊन उभा राहिला.  "नोंदवहीतल्या त्या दोन्ही नोंदी खोट्या आहेत. मी वर गेलो नाही. मायेकरनं मी दिलेलाच कोर्स धरला होता. हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

निकाल तासाभरात आला. लोखंड बोटीवर कुठेही असू शकतं, म्हणूनच दोन होकायंत्रं ताडून पाहण्याचा नियम आहे. तो पाळला गेला नाही. कोतवाल यांना दोन वर्षं पहाऱ्यावर उभं राहता येणार नाही. पूजा करणाऱ्यांचा दोष नाही. सुकाणी मायेकर यांचा दोष नाही.

श्यामकांतनं शेवटचं वाक्य दत्तात्रयला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याला ते ऐकूच आलं नसावं.

"म्हणजे मी झोपलंय नाय?"

"नाही. तू काट्यावरच होतास. एक अंशसुद्धा हलला नाहीस."

दत्तात्रयनं टोपी तोंडावर धरली आणि त्याच्या खांद्यांना हुंदके फुटले. खलाशी भोवती जमले, कोणी पाठ थोपटली, भंडाऱ्यानं तर अनोळखी जर्मन कारकुनालाच मिठी मारली. श्यामकांतचेही डोळे भरून आले. थ्रेलच्या अकरा खोक्यांत असा दिवस एकही सापडला नव्हता.

गर्दी ओसरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की सारंग त्यांच्यात नाही. तो बाहेर, बोळातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. न्यायालयानं त्याचा दोष नाही म्हटलं, ते श्यामकांतनं त्याला सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली होती. पण कपाट त्यानं मागितलं होतं. यंत्रघरातला पान्हा त्यानंच वर आणवला होता, आणि तोच पान्हा न्यायला यशवंत वर आला होता. त्याला ते कोणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

दत्तात्रय त्याच्या शेजारी जाऊन बसला. 

"मी गावाक जावचंय नाय," सारंग म्हणाला. "मुंबयतच ऱ्हवतलंय. सुलेखाच्या म्होरे कसो उभो ऱ्हवू? तुया जा. तुजो दोष नाय."

तीन आठवडे हेच दत्तात्रय रोज स्वतःला विचारत होता. त्याला उत्तर मिळालेलं नव्हतंच, फक्त तो प्रश्न त्याच्या अंगावरून उठून या म्हाताऱ्याच्या अंगावर जाऊन बसला होता.

"एकटो मी जावचंय नाय," तो म्हणाला. "दोघांय जावया. तुमी फुडे, मी तुमच्या फाटसून."

"माका हाकलून देतली ती."

"देवंदेत," दत्तात्रय म्हणाला, आणि त्यानं म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. "देतली तर दोघांकय देतली."